अंगठ्याला लागलेला चीक

माझ्या मावशीला घरात, तिच्या कचेरीत आणि तिच्या पाठीमागे एकच नाव होतं, चीकमावशी. झाडाची फांदी मोडली की जो पांढरा, चिकट रस येतो तो चीक, आणि त्या चिकापायी तिनं अख्खी नोकरी खर्ची घातली. कुणी विचारलं, "अजून किती दिवस हे खूळ?" तर ती म्हणायची, "चीक, चिकट आणि चिकाटी, तिघं एकाच घरचे. तुला कोण हवाय?" विचारणाऱ्याला मग लगेच दुसरं काम आठवायचं.

मी तिची भाची. दवाखान्यात एक्स-रे काढते. 'सरळ उभे राहा, श्वास धरा, हलू नका' असं दिवसभर लोकांना सांगते आणि लोक मुकाट ऐकतात. मावशीनं जन्मात कुणाच्या सांगण्यावरून श्वास धरला नाही. तेव्हा तिचं चित्र जरा हललेलं येणार, हे आधीच सांगून ठेवते.

तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, एका वसतिगृहाच्या खाणावळीत स्वयंपाकी होते. मांस जून निघालं की ते कच्च्या पपईला चिरा पाडायचे, गळणारा चीक बशीत धरायचे आणि त्यातला थोडा मांसाला चोळून मग ते शिजायला टाकायचे. मावशी तेव्हा शाळेत जायची. थोड्या चिकानं थोडं मऊ, तर भरपूर चिकानं भरपूर मऊ, असा सरळ विचार करून तिनं एकदा आजोबांची पाठ वळताच सगळी बशी पातेल्यात उपडी केली. आजोबांनी झाकण उघडलं तेव्हा आत मांस नव्हतं, खळ होती. त्यांनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. ती रडली नाही. म्हणाली, "बाबा, अजून कुणी तोंडसुद्धा लावलं नाही. मग मांस खाल्लं कुणी?"

"तुझ्या पपईनं!" आजोबा खेकसले.

रागाच्या भरात दिलेलं हे उत्तर अगदी बरोबर होतं. मांसात, दुधात, आपल्या कातडीत प्रथिनं असतात आणि काही झाडांच्या चिकात ती प्रथिनं पचवणारी विकरं असतात. मावशीनं मग दिसेल त्या चिकाळ झाडाला खाणावळीतले मांसाचे तुकडे खाऊ घातले. अंजिराचा चीक खायचा. कुंपणावरच्या काही झुडपांचा खायचा, काहींचा नुसताच चिकटून बसायचा. पांढरं दिसतं ते सगळं एक नसतं, हे तिला तेव्हाच कळलं. पुढे कॉलेजात गेल्यावर आणखी एक गोष्ट कळली. झाडाला पोट नाही, मग पाचकरस कशाला? तर पान कुरतडायला आलेल्या अळीची आतडी आतून सोलायला. झाडाचा हा बाणा मावशीला फार आवडला. "पळता येत नाही ना? मग चावणाऱ्यालाच पचवायचं," असं ती म्हणायची. आणि ते ती फक्त झाडांबद्दल बोलत नसायची.

शिकून ती वनस्पती संग्रहालयात लागली. मोठी दगडी इमारत, आत भिंतभर लोखंडी कपाटं, कपाटांत जाड कागदांवर चिकटवलेली वाळकी झाडं. सारखी दिसणारी झाडं एका जातीची म्हणून एका कागदी वेष्टनात घालायची, वेगळी दिसली की वेगळ्या. वास डांबराच्या गोळ्यांचा आणि बोलणं सगळं हळू आवाजात. तिथल्या प्रमुखांना सगळे पाकळीसाहेब म्हणायचे, कारण ते फुलाच्या पाकळ्या आणि केसर मोजून झाडाचं कूळ सांगायचे आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायचे. माणूस वाईट नव्हता. पण फुलाच्या पलीकडे झाड असतं हे त्यांना पटत नसे.

"बाई, वर्गीकरण डोळ्यांनी करायचं असतं," ते म्हणायचे.

"डोळ्यांनी केलं म्हणून तर हा गोंधळ आहे, साहेब," मावशी म्हणायची. "मेलेल्या झाडाला चीक नसतो. आणि तुमच्या कपाटात झाडून सगळी मेलेलीच आहेत."

असं बोलल्यावर बढती कोण देणार? दिली नाही. मावशीनंही मागितली नाही. तिनं इमारतीच्या मागचं काचघर मागून घेतलं, तिथे कुंड्यांमध्ये चिकाळ झाडं लावली आणि स्वतःचा संसार थाटला.

या संसारात माझा हातभार असा. आमच्या दवाखान्यात नवं यंत्र आल्यावर एक्स-रेच्या जुन्या फिल्म अडगळीत गेल्या. फिल्मवरचा काळा थर जिलेटिनात बसवलेला असतो आणि जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यातलं प्रथिन. हाडांची चित्रं काढायला हाडांचाच थर! मावशीला हे कळलं मात्र, ती पिशवी घेऊन दवाखान्यात हजर. पूर्ण काळ्या झालेल्या फिल्मच्या पट्ट्या कापायच्या, त्यांवर चिकाचा थेंब ठेवायचा, थोडं थांबून पाण्याखाली धुवायचं. चिकानं जिलेटिन खाल्लं असेल तर काळं निघून जातं आणि स्वच्छ खिडकी पडते. नसेल खाल्लं तर काळं ते काळंच. प्रयोगशाळेत याहून महागडी साधनं असतात. मावशीला ती कुणी दिली नाहीत, म्हणून तिनं ही वापरली आणि कुणाची पर्वा केली नाही.

आता मुद्द्यावर येते. काचघरात दोन झुडपं होती. दोन्ही बोटभर जाड हिरव्या कांड्यांची, पानं नावालाच, फुलं इतकी सारखी की पाकळीसाहेबांच्या भिंगालाही फरक दिसेना. संग्रहालयाच्या लेखी दोन्ही एकच जात. मावशी म्हणायची, दोन. तिनं त्यांची नावं ठेवली होती थोरली आणि धाकटी.

"म्हणजे बहिणी?" मी विचारलं.

"बहिणी नाही गं, जावा. एका घरात नांदतात, एक आडनाव लावतात, पाहुण्यांना सारख्याच दिसतात. म्हणून काय रक्त एक झालं?"

तिचा पुरावा असा होता. एक औषध चिकात मिसळलं की काही विकरांचं तोंड बंद होतं आणि काहींना त्याची फिकीरच नसते. मावशी त्या औषधाला कुलूप म्हणायची. नुसता चीक ठेवला तर थोरली आणि धाकटी दोघी फिल्म सारखीच खायच्या. पण कुलूप घातलं की थोरली गप्प, आणि धाकटी कुलपासकट खायची. मावशीच्या मते तोंडं इतकी वेगळी असली तर जातही वेगळी.

पाकळीसाहेबांनी पट्ट्या उजेडात धरून पाहिल्या आणि म्हणाले, "बाई, चीक ऋतूप्रमाणे बदलतो. पावसातला वेगळा, उन्हातला वेगळा. आज फरक दिसला म्हणून जात वेगळी?"

मावशी त्या दिवशी घरी येऊन भांडी आपटत होती. मी म्हटलं, एवढा राग कशाचा? तर म्हणाली, "त्यांचं म्हणणं बरोबर आहे, याचा."

शेवटी दोघांत ठरलं. मावशीनं वर्षभर, दर पंधरवड्याला, न चुकता दोघींचा ताजा चीक तपासायचा. सगळे ऋतू फरक टिकला तर पाकळीसाहेब स्वतःच्या हातानं दोघींची वेष्टनं वेगळी करणार. मध्ये खंड पडला किंवा फरक मिटला, तर दोघी कायमच्या एका वेष्टनात. ते वर्ष मावशीच्या नोकरीचं शेवटचं होतं. नंतर ते काचघर तिला कोण उघडून देणार होतं?

पाऊस गेला, थंडी गेली. थोरली कुलपाला घाबरत राहिली, धाकटी घाबरली नाही. आणि ऐन उन्हाळ्यात, शेवटचे थोडे पंधरवडे उरलेले असताना, संग्रहालयात अंगठ्याचं यंत्र आलं.

ते मुख्य दारावर बसलं आणि काचघराच्या दारावरही बसलं. अंगठा टेकवायचा, आतली बाई गोड आवाजात म्हणणार, 'ओळख पटली', आणि दार उघडणार. सगळ्यांची पटली. झाडूवाल्याची पटली, माळ्याची पटली, पाकळीसाहेबांची पटली. मावशीनं अंगठा टेकवला.

'ओळख पटली नाही. पुन्हा प्रयत्न करा.'

तिनं पुन्हा केला. हजेरीसाहेब म्हणून नवे अधिकारी आले होते, त्यांनी तिचं एकेक बोट धरून टेकवून पाहिलं. यंत्राला एकही पसंत पडेना. पडणार कसं? इतकी वर्षं ती कांडी चिमटीत धरून चीक काढत आली होती. जो चीक फिल्म खातो तो कातडी सोडेल का? तिच्या बोटांवरच्या रेघा केव्हाच पचून गेल्या होत्या. अंगठा कसा, तर शर्टाच्या बटणासारखा गुळगुळीत.

"हातमोजे घालायचे," हजेरीसाहेब म्हणाले.

घालून पाहिले होते तिनं. रबराचा मोजा म्हणजे पुन्हा झाडाचा चीकच, त्याची प्रथिनं थेंबात उतरली तर तपासणीचं वाटोळं. प्लास्टिकच्या मोज्यातून कांडी किती दाबायची ते कळत नाही, थेंब ओघळून जातो. हे खरं होतं. आणि अर्धा हट्ट होता, हेही खरं आहे. मी तिची भाची आहे, वकील नाही.

हजेरीसाहेबांनी मग तोडगा सुचवला. महिनाभर चिकाला हात लावू नका. कातडी भरून येईल, रेघा परत येतील, यंत्र ओळखेल. तोवर रोज गैरहजेरी लागणार, त्याला इलाज नाही. नियम सगळ्यांना सारखा. अगदी सौम्यपणे सांगितलं त्यांनी. महिनाभर थांबायचं म्हणजे पंधरवड्यांची साखळी तुटणार, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

त्या संध्याकाळी मी मावशीकडे जेवायला होते. तिचा नवरा, माझे काका, शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिलाईचं मशीन, मागच्या खोलीत चूल, आणि दोन्हीकडे दोऱ्याचे तुकडे. मावशी ताटावर बसली आणि घास हातात धरूनच म्हणाली, "एवढं शिकले, आणि शेवटी मला अंगठेबहाद्दर व्हायला सांगतायत. आणि तेही जमत नाही म्हणून नापास!"

काका म्हणाले, "माझा अंगठा घेऊन जा. सुईची भोकं आहेत, पण रेघा शाबूत आहेत. आम्ही आपले बोटात अंगुस्तानाची टोपी घालतो, तुझ्यासारखे उघड्या बोटांनी लढत नाही."

"थट्टा सुचतेय तुम्हाला."

"थट्टा नाही. महिनाभर थांब की. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला? त्यांना कळेलच नं, तू खरी आहेस."

"कसं कळेल?" मावशीचा आवाज चढला. "खंड पडला की पाकळीसाहेब मोकळे. ते खोटं बोलणार नाहीत, नुसतं म्हणतील, उन्हाळ्याचं काही सांगता येत नाही. आणि दोघी जन्माच्या एका वेष्टनात जातील. दुसरं कुणी त्यांना वेगळं काढायला येणार नाही. मला ओळखलं नाही तरी चालेल त्या डबड्यानं. त्या दोघींना ओळखलंच पाहिजे."

 काकांनी तिच्या ताटात आपल्या वाटणीची भाजी वाढली. त्यांच्या घरात हरल्याचं असं सांगायची पद्धत होती. मला मात्र तिचा अभिमानही वाटला आणि रागही आला. एवढं ताठ राहून कुणाचं भलं झालंय, असं मनात आलं.

दुसऱ्या दिवसापासून ती यंत्रासमोर उभी राहायची, अंगठा टेकवायची, नकार ऐकायची आणि माळ्यानं काचघराचं दार उघडलं की त्याच्या मागोमाग आत शिरायची. "यंत्राला वाचता येईना आणि म्हणे अंगठा वाकडा," असं मोठ्यानं म्हणूनच शिरायची. त्यामुळे लवकरच हुकूम निघाला की दुसऱ्याच्या अंगठ्यावर आत जायचं नाही. माळी बिचारा तिच्याकडे न बघता दार लावून घ्यायला लागला.

पुढच्या पंधरवड्याचा दिवस आला. दवाखान्यात मला सुट्टी होती, फिल्म पोचवायला मी गेले तर काचघराच्या मागच्या बाजूला हे दृश्य. वर उंचावर हवेसाठी एक झडप उघडी. काका स्टुलावर उभे, त्यांच्या हातात कापड मोजायची लांब पट्टी, पट्टीच्या टोकाला दोरी ओढली की मिटणारी कात्री आणि तुटलेली कांडी झेलायला कापडी झोळी. मावशी खालून ओरडतेय, "डावीकडे! ती थोरली! अहो, थोरली कुठली, धाकटी कुठली, एवढंही कळत नाही?"

"तुझ्या साहेबालाही कळत नाही, मला कुठून कळणार!" काका वरून म्हणाले.

दोघींच्या कांड्या निघाल्या. मावशीनं तिथेच चिमटीत धरून चीक काढला आणि झाडाखालच्या बाकावर पट्ट्या मांडल्या. त्यानंतर शेवटपर्यंत असंच चाललं. साखळी तुटली नाही. यंत्राच्या लेखी मात्र ती सगळा काळ गैरहजर होती.

वर्ष संपल्यावर बैठक बसली. फिल्म कुठून आल्या हे विचारलं जाईल म्हणून मलाही बोलावलं होतं. लांब टेबल, एका बाजूला पाकळीसाहेब, शेजारी हजेरीसाहेब. मावशीनं दोन्ही कुंड्या माळ्याकडून मागवून टेबलावर ठेवल्या आणि वर्षभराच्या पट्ट्या खिडकीच्या काचेवर ओळीनं चिकटवल्या. सगळ्या ऋतूंत तेच. कुलूप घातल्यावर थोरलीची ओळ काळी, धाकटीच्या ओळीत स्वच्छ खिडक्या. पाकळीसाहेब बराच वेळ बघत राहिले. ते काहीतरी बोलणार, एवढ्यात हजेरीसाहेब खाकरले.

"एक अडचण आहे. या शेवटच्या पट्ट्या ज्या दिवसांच्या आहेत, त्या दिवसांत बाई नोंदीप्रमाणे इथे नव्हत्याच. जे माणूस हजर नव्हतं, त्यानं केलेली तपासणी आपण धरायची कशी?"

खोलीत कुणी हललं नाही. हे मी 'श्वास धरा' न म्हणता घडलं. पाकळीसाहेब अवघडून म्हणाले, "बाई, नियमानं बघितलं तर खंड पडला असंच होतं."

माझा संताप झाला. भर उन्हात, स्टुलावर, झडपेतून, आणि हा माणूस म्हणतो नव्हत्याच! मी तोंड उघडणार होते, पण मावशीनं हातानं गप्प केलं. तिनं थोरलीची कांडी मोडली, आलेला चीक स्वतःच्या अंगठ्यावर घेतला, एक काळी पट्टी पुढे ओढली आणि त्यावर अंगठा दाबला.

"काय करताय?" हजेरीसाहेबांनी विचारलं.

"हजेरी लावतेय. जरा वेळ लागतो. चहा मागवा."

चहा आला. तिचा अंगठा पट्टीवरच. डाव्या हातानं तिनं कप उचलला आणि आरामात चहा प्यायली.  मग तिनं उठून कोपऱ्यातल्या नळाखाली पट्टी धुतली आणि हजेरीसाहेबांच्या हातात दिली. काळ्या फिल्मवर अंगठ्याएवढी लांबट गोल खिडकी पडली होती. आत एक रेघ नाही. पलीकडचं सगळं दिसत होतं.

"हा माझा अंगठा," मावशी म्हणाली. "या सगळ्या पट्ट्या करताना तो असा झाला. तुमच्या यंत्राला माझ्या अंगठ्यावर काय नाही तेवढंच दिसलं, ते का नाही हे त्यानं विचारलं नाही. मी इथे नव्हते म्हणता? मग हा खाल्ला कुणी?"

आणि तिनं उजव्या हाताचा अंगठा सरळ त्यांच्या नाकासमोर धरला. मराठीत अंगठा दाखवण्याचा अर्थ काय होतो, हे टेबलाभोवती सगळ्यांना माहीत होतं. मी खाली बघून हसू दाबलं.

हजेरीसाहेब लाल झाले. "गैरहजेरी मी बदलू शकत नाही," ते म्हणाले.

"नका बदलू. मला तुमच्याकडून काही नको. मी साहेबांना विचारतेय."

पाकळीसाहेबांनी ती पट्टी घेतली, खिडकीशी नेली आणि त्या गोलातून बाहेर पाहिलं. मग ते टेबलाशी आले. तिथे ठेवलेलं दोघींचं एकत्र वेष्टन उघडलं. आतल्या वाळक्या कांड्यांच्या कागदांवर मावशीनं तोडताना ज्याच्या त्याच्या झुडपाची खूण केलेली होती. त्यांनी एकेक कागद उचलून दोन ढीग लावले. एकही कागद चुकला नाही. शेवटी म्हणाले, "बाई, मला अजूनही फुलात फरक दिसत नाही."

"नसेल दिसत," मावशी म्हणाली. "जावा चारचौघांत सारख्याच वागतात."

ती निवृत्त झाली तेव्हा तिच्या नावापुढे गैरहजेऱ्यांची रांग तशीच होती. समारंभ झाला नाही. दोन वेष्टनं झाली, ती अजून आहेत. एकावर थोरली नाही आणि एकावर धाकटी नाही, लांबलचक शास्त्रीय नावं आहेत, पण मावशी त्यांना तसं म्हणत नाही.

घरी बसल्यावर तिचं काही खरं नव्हतं. काकांच्या मशीनजवळ बसून काज-बटणं करायची आणि तीही वाकडी करायची. एक दिवस बँकेत ओळखीसाठी अंगठा द्यायचा होता, मी सोबत गेले होते. तिनं सवयीनं भांडायच्या तयारीनं अंगठा टेकवला. यंत्र म्हणालं, 'ओळख पटली.'

मला आनंद झाला. तिच्याकडे बघितलं तर तिचे डोळे भरून आले होते. खिडकीशी जाऊन ती अंगठा उजेडात धरून बघत होती. बारीक, नव्या रेघा आल्या होत्या.

"बघ," ती म्हणाली. "इतकी वर्षं काम केलं तर म्हणे ही कोण. आता काही करत नाही, तर लगेच ओळखलं."

घरी जाताना तिनं रस्ता बदलला. संग्रहालयाच्या मागच्या दाराशी माळी उभा होता. त्यानं न बोलता वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी तिच्या पिशवीत टाकलं. त्या आठवड्यात तिच्या गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यांत दोन कांड्या रुजल्या. त्यांच्या शेजारी पुढे तिसरीही आली, कुठल्याशा कुंपणावरची, आणि मावशीचं म्हणणं होतं की ही त्यांची नणंद असावी, पण अजून तपासायचंय. मी पुन्हा फिल्म पोचवायला लागले.

पुढच्या खेपेला बँकेत यंत्रानं तिचा अंगठा घेतला नाही. खिडकीतली मुलगी ओशाळून म्हणाली, "काकू, सॉरी हं, ओळख पटत नाहीये."

"छान," मावशी म्हणाली. "म्हणजे काम नीट चाललंय."